भूगोलाचा शोधनिबंध जर्नलकडे पाठवताना: प्रश्नापासून प्रूफपर्यंत

जर्नलकडे आलेला निबंध संपादक बहुधा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग वाचत नाही. आधी शीर्षक, मग सारांश, मग थेट नकाशे आणि शेवटी निष्कर्ष. निबंध समीक्षकांकडे धाडायचा की तिथूनच परत करायचा, हे बऱ्याचदा एवढ्यावर ठरतं. म्हणून निबंध तयार करतानाही सगळ्यात जास्त वेळ याच चार ठिकाणी द्यायला हवा. आपल्याकडे मात्र तो वेळ ‘अभ्यासक्षेत्राची ओळख’ लिहिण्यात जातो.

तालुका म्हणजे प्रश्न नव्हे

‘माण तालुक्यातील भूमी उपयोजनाचा भौगोलिक अभ्यास’ या शीर्षकात जागा आहे, विषय आहे, पण प्रश्न नाही. हा निबंध का वाचायचा, याचं उत्तर माणबाहेरच्या वाचकाला मिळत नाही. काम कितीही कष्टाचं असलं तरी असा निबंध पहिल्याच टप्प्यावर परत येतो.

लिहायला बसण्यापूर्वी तीन वाक्यं कागदावर उतरवा. पहिलं: आजवरच्या अभ्यासांतून नेमकं काय कळलेलं नाही? दुसरं: ते कळण्यासाठी हीच जागा का योग्य? तिसरं: दुसऱ्या प्रदेशावर काम करणाऱ्याला यातून काय मिळेल? माणचंच उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडचा माण पर्जन्यछायेत येतो आणि तिथे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. आता ‘जलसंधारणाच्या कामांनंतर पर्जन्यछायेतल्या गावांत वाढलेलं पाणी कोणत्या पिकाकडे वळतं?’ असा प्रश्न धरला, तर माण हे त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं ठिकाण बनतं. मग शीर्षकात आधी प्रश्नाचा गाभा येईल आणि जागेचं नाव शेवटी.

तिसरं वाक्य लिहिता येत नसेल, तर निबंध अजून तयार नाही. अशा वेळी भाषा सुधारण्यात वेळ घालवू नका, विश्लेषणाकडे परत जा.

जर्नल कोणतं?

निबंध पूर्ण लिहून झाल्यावर जर्नल शोधणं ही उलटी वाट आहे. शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत, नकाशांची संख्या, वाचक कोण, हे सगळं जर्नलवर अवलंबून असतं. म्हणून दोन-तीन नावं आधी ठरवा आणि त्या प्रत्येकाचे गेल्या दोन वर्षांतले अंक चाळा. तुमच्या संदर्भसूचीत त्या जर्नलमधला एकही निबंध येत नसेल, तर बहुधा तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

भारतात भूगोलाच्या संस्थांची स्वतःची जुनी जर्नल्स आहेत. चेन्नईची इंडियन जिऑग्राफिकल सोसायटी १९२६ पासूनची. पुण्याची इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्स ‘ट्रान्झॅक्शन्स’ काढते, तर दिल्लीची नॅशनल असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्स, इंडिया ‘अ‍ॅनल्स’. काही संस्थांच्या जर्नलमध्ये लिहायचं तर आधी सभासद व्हावं लागतं. नियम वाचून घ्या. परदेशी जर्नल्समध्ये प्रत्येकाचा पिंड वेगळा आहे. ‘जिओमॉर्फॉलॉजी’ला भूरूपं आणि ती घडवणाऱ्या प्रक्रिया हव्यात, ‘अप्लाइड जिऑग्राफी’ला प्रत्यक्ष प्रश्नाला भिडणारं काम हवं, आणि ‘सिंगापूर जर्नल ऑफ ट्रॉपिकल जिऑग्राफी’चा वाचक उष्ण कटिबंधातल्या दुसऱ्या देशांशी तुलना शोधत असतो. तोच माणचा निबंध या तिघांसाठी तीन वेगळ्या प्रस्तावना मागेल.

‘आमचं जर्नल यूजीसी-केअर यादीत आहे’ या जाहिरातीवर आता काहीही ठरवू नका. मान्य जर्नल्सची २०१९ पासून चाललेली ती यादी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. जर्नलची पारख आता संस्थांनी आणि संशोधकांनी स्वतः करायची आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आलाच पाहिजे, ही केंद्रीय अटही २०२२ च्या नियमावलीत उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तो मात्र लेखी पाहून घ्या. अट नसताना घाईने कुठेतरी छापून टाकलेला निबंध पुढे बायोडेटात कायम राहतो.

पारख कशी करायची? दोन दिवसांत स्वीकृती, समीक्षेचा एकही शेरा नाही आणि लगेच पैसे भरायची लिंक, असं दिसलं की थांबा. संपादक मंडळातली दोन-तीन नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर आहेत का आणि ती माणसं भूगोलातली आहेत का, ते पाहा. आयएसएसएन क्रमांक असणं ही गुणवत्तेची खूण नाही. तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे. स्कोपस या जर्नल्सच्या आंतरराष्ट्रीय सूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्या स्रोतयादीत स्वतः शोधा, आणि तिथे दिलेलं प्रकाशकाचं नाव तुमच्यासमोरच्या संकेतस्थळाशी जुळतं का तेही बघा. जुन्या, प्रतिष्ठित जर्नलच्या नावाने बनावट संकेतस्थळ उभारून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात आणि त्यात भारतीय लेखक फसले आहेत.

आकडे आणि पद्धती: समीक्षक कुठे बोट ठेवतो

२०११ ची जनगणना वापरत असाल तर सीमांकडे आधी लक्ष द्या. तेव्हा महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. २०११ चे ठाण्याचे आकडे आजच्या ठाण्याच्या सीमेवर टाकले तर घनता भलतीच येते. यातून दोनच मार्ग आहेत: त्या काळाची सीमा वापरा, किंवा तालुकावार आकडे घेऊन नव्या जिल्ह्यांची बेरीज पुन्हा करा. जे केलं ते एका वाक्यात लिहा. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी बदलली आहेत. पहिल्या उल्लेखात नवं नाव आणि आकडेवारीतलं जुनं नाव दोन्ही द्या आणि पुढे एकच वापरा. तक्त्यात एक आणि नकाशावर दुसरं, असं होऊ देऊ नका.

उपग्रह प्रतिमांवर आधारलेल्या निबंधांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक ऋतूची असते. एका वर्षाची ऑक्टोबरमधली प्रतिमा आणि दुसऱ्या वर्षाची मार्चमधली प्रतिमा शेजारी ठेवून ‘शेतजमीन घटली’ असं म्हणता येत नाही. जे घटलं ते उभं पीक. दोन्ही प्रतिमांच्या तारखा, उपग्रह, पाथ आणि रो (प्रतिमेची जागा सांगणारे दोन क्रमांक) लिहा, आणि त्या वर्षांचा पाऊस सरासरीच्या वर होता की खाली तेही नोंदवा. दुष्काळी वर्षाची तुलना सुकाळाच्या वर्षाशी केली असेल तर समीक्षक ती पकडणारच. लँडसॅट ७ च्या ३१ मे २००३ नंतरच्या प्रतिमांत स्कॅनरमधल्या बिघाडामुळे पट्टे येतात. ते कसे भरले, हेही सांगावं लागतं.

दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. लँडसॅटच्या कलेक्शन २ मधली पृष्ठीय परावर्तनाची (जमिनीवरून परत येणाऱ्या प्रकाशाची) मूल्यं पूर्णांकात साठवलेली असतात. त्यांना ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा केल्यावरच खरं परावर्तन मिळतं. हे न करता वनस्पती निर्देशांक (दोन पट्ट्यांच्या परावर्तनातला फरक भागिले त्यांची बेरीज) काढला तर उत्तर चुकतं, कारण वजाबाकीतला तो ०.२ अंश आणि छेद यांत सारखा रद्द होत नाही. नकाशा दिसायला छान येतो, आकडे मात्र दुसऱ्या कुणाच्या अभ्यासाशी जुळत नाहीत.

वर्गीकरणाची अचूकता ‘८७ टक्के, कप्पा ०.८४’ एवढ्या एका ओळीत उरकू नका (कप्पा म्हणजे योगायोगाचा भाग वगळून मोजलेली जुळणी). पूर्ण त्रुटी-सारणी (कोणत्या वर्गाचे किती बिंदू कोणत्या वर्गात गेले, तो तक्ता) द्या, आणि प्रत्येक वर्गासाठी वापरकर्त्याची अचूकता (नकाशावर त्या वर्गात दाखवलेल्यांपैकी किती खरे) व उत्पादकाची अचूकता (प्रत्यक्षात त्या वर्गातल्यांपैकी किती नकाशावर सापडले) वेगवेगळी द्या. पडीक जमीन आणि कोरडवाहू शेत एकमेकांत मिसळणं ही दख्खनच्या पठारावरची नेहमीची अडचण आहे. एकूण टक्केवारीत ती लपते. प्रत्येक वर्गाला किमान ५० तपासणी बिंदू हा जुना, सोयीचा नियम आहे. ते बिंदू कसे निवडले, हे त्यांच्या संख्येइतकंच महत्त्वाचं. प्रशिक्षणासाठी घेतलेलेच बिंदू तपासणीला वापरले असतील तर ती तपासणी धरली जात नाही.

पाणलोट क्षेत्रांच्या मॉर्फोमेट्रीवर, म्हणजे आकारमापनावर, आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, आणि तिथे एक गोष्ट वारंवार सुटते. प्रवाह घनता (ठरावीक क्षेत्रात ओढ्यांची लांबी किती) आणि प्रवाह श्रेणी (लहान ओढ्यापासून मोठ्या नदीपर्यंतचा क्रम) हे नकाशाच्या प्रमाणावर अवलंबून असणारे आकडे आहेत. १:५०,००० च्या टोपोशीटवरून (स्थलदर्शक नकाशावरून) काढलेली घनता आणि अवकाशातून मोजलेल्या ३० मीटरच्या एसआरटीएम उंची प्रतिमानावरून काढलेली घनता यांची थेट तुलना करता येत नाही. प्रतिमानावरून काढताना प्रवाह सुरू होण्यासाठी किती पेशींचा (प्रतिमानातल्या चौकोनांचा) उंबरठा धरला, तो आकडा लिहायलाच हवा. उंबरठा बदलला की पहिल्या श्रेणीचे ओढे शेकड्यांनी वाढतात किंवा नाहीसे होतात आणि पुढची सगळी गुणोत्तरं त्यांच्याबरोबर हलतात.

एककं जगभरच्या वाचकाला कळतील अशी ठेवा. धरणाचा साठा टीएमसीत असेल तर १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर, हे रूपांतर द्या. एकर आणि गुंठ्यांचे हेक्टर करा. इंग्रजी निबंधात लाख आणि कोटी लिहायचे की मिलियन, हे जर्नलचा वाचक पाहून ठरवा. एकदा ठरवलं की तक्ते, आकृत्या आणि मजकूर सगळीकडे तेच.

मुलाखतींवर आधारलेलं काम असेल तर नैतिकता समितीची मान्यता आणि सहभागींची संमती यांचा उल्लेख जवळपास प्रत्येक जर्नल मागतं. नाव बदलणं पुरेसं नसतं. ‘अमुक वाडीतली ५२ वर्षांची विधवा माजी सरपंच’ असं लिहिलं की पंचक्रोशीत तिला सगळे ओळखतात. तपशील विरळ करा, गावाचं नाव गाळा.

नकाशा

भूगोलाचा समीक्षक नकाशावर जास्त वेळ थांबतो आणि तिथेच लेखकाची तयारी कळते. म्हणून इथे थोडं सविस्तर.

प्रक्षेपणापासून, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीपासून, सुरुवात करू. अंश-मिनिटांतल्या निर्देशांकांवर थेट क्षेत्रफळ काढू नका. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रक्षेपणावर तर मुळीच नाही: १९° उत्तर अक्षांशावर त्यात क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के फुगतं. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा, खानदेश आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग यूटीएम या जगाचे उभे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात येतो. हा पट्टा ७२° ते ७८° पूर्व रेखावृत्तांदरम्यानचा, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या पट्ट्यात येतात, कोड ३२६४४. यवतमाळ जिल्ह्यातून ७८° रेखावृत्तच जातं, त्यामुळे तिथे एक पट्टा निवडून सगळी गणना त्यातच करा आणि तसं लिहा. संपूर्ण राज्याचं क्षेत्रफळ मोजायचं असेल तर अल्बर्ससारखं समक्षेत्र प्रक्षेपण घ्या. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती रूपावर) आहेत आणि ओपन सीरीजच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वर. डेटम, म्हणजे निर्देशांकांचा हा आधार, न बदलता दोन्ही एकावर एक ठेवल्या तर ओढे आणि रस्ते सरकलेले दिसतात आणि वाचकाला तो बदल खरा वाटतो.

सीमांचा भाग सगळ्यात जोखमीचा. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या अनेक जागतिक सीमाफायलींत जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचल प्रदेश भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसतात. भारतातलं जर्नल असा नकाशा छापत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हाही आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या सीमा वापरा. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून जम्मू-काश्मीर आणि लडाख हे दोन वेगळे केंद्रशासित प्रदेश आहेत, हेही नकाशात आलं पाहिजे. परदेशी प्रकाशकांची धोरणं वेगळी असू शकतात. त्यासाठी सोपा उपाय असा: तालुक्याच्या अभ्यासाला भारताच्या पूर्ण नकाशाचा इनसेट (कोपऱ्यातला छोटा नकाशा) लागतच नाही. महाराष्ट्राची बाह्यरेषा, तिच्यात जिल्हा आणि कडेला अक्षांश-रेखांशांची वृत्तजाळी एवढ्यात जगातल्या कुणालाही जागा सापडते.

आता आकार. बहुतेक जर्नल्समध्ये एका स्तंभाची रुंदी ८ ते ९ सेंटिमीटर आणि पूर्ण पानाची १७ ते १९ सेंटिमीटर असते. नकाशा पहिल्यापासून त्याच मापाच्या लेआउटवर करा. ए३ कागदावर, म्हणजे ४२ सेंटिमीटर रुंदीवर केलेला नकाशा १७ सेंटिमीटरवर आणला की १२ पॉइंटची अक्षरं ५ पॉइंटच्याही खाली जातात आणि गावांची नावं वाचता येत नाहीत. छापील मापात सगळ्यात लहान अक्षर ७ पॉइंटचं तरी असावं. याच कारणासाठी अंकप्रमाण न देता रेषाप्रमाण द्या. ए३ वरचं १:२,५०,००० हे प्रमाण त्या आकसलेल्या नकाशावर प्रत्यक्षात १:६,१८,००० च्या आसपास झालेलं असतं. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच आकसतं, म्हणून ते खोटं ठरत नाही.

छायाचित्रांना ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), अक्षरं आणि रेषा असलेल्या नकाशांना ६००, निव्वळ रेषाचित्रांना १,००० किंवा जास्त, अशी मागणी सर्रास असते. १७ सेंटिमीटर ३०० डीपीआयला म्हणजे रुंदीत सुमारे २,००० पिक्सेल, ६०० ला ४,०००. वर्डमध्ये चिकटवलेलं चित्र पुन्हा बाहेर काढून पाठवू नका, कारण वर्ड ते दाबून लहान करतं. क्यूजीआयएस किंवा आर्कजीआयएसमधून थेट टिफ किंवा पीडीएफ काढा. जेपेगमध्ये रेषांच्या कडांना धूसर ठिपके येतात. फोटोला ते चालतं, नकाशाला नाही.

क्षेत्रघनी नकाशावर (तालुके किंवा जिल्हे आकड्यानुसार फिकट-गडद रंगवलेल्या नकाशावर) एकूण संख्या दाखवू नका. लोकसंख्या असेल तर घनता, साक्षर असतील तर टक्केवारी. नाहीतर मोठा तालुका केवळ मोठा आहे म्हणून गडद दिसतो. एकूण संख्याच दाखवायची असेल तर टिंब पद्धत किंवा प्रमाणबद्ध वर्तुळं वापरा. चार-पाच वर्ग पुरतात. २००१ आणि २०११ चे नकाशे शेजारी ठेवणार असाल तर दोन्हींच्या वर्गमर्यादा एकच ठेवा. सॉफ्टवेअर प्रत्येक नकाशाला आपल्याआप वेगळे जेंक्स वर्ग (आकड्यांतल्या नैसर्गिक खंडांवरून पाडलेले) देतं, आणि मग दोन नकाशांतला फरक आकड्यांचा आहे की वर्गांचा, ते सांगता येत नाही. रंग फिकटाकडून गडदाकडे चढते घ्या. कमी म्हणजे हिरवा, जास्त म्हणजे लाल ही जोडी रंगांधळ्या वाचकाला सारखीच दिसते, आणि कृष्णधवल छपाईत सगळ्यांनाच. कलरब्रुअर या संकेतस्थळावर रंगांधळ्यांना चालणाऱ्या रंगमाला तयार मिळतात. पाठवण्यापूर्वी नकाशा एकदा काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर काढून पाहा.

सूचीत ‘लेअर ०३_फायनल_क्लिप’ असं फाईलचं नाव राहिलेलं नाही ना, दशांशस्थळं सहा-सहा नाहीत ना, दिशाबाण चौथ्या भागाएवढा मोठा नाही ना, तेही बघा. नकाशाखाली आकडेवारीचा स्रोत, वर्ष आणि प्रक्षेपण द्यायला विसरू नका.

लिखाण

सारांश सगळ्यात शेवटी लिहा. सर्वसाधारणपणे १५० ते २५० शब्द मिळतात. त्यातले पन्नास शब्द ‘शेती हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे’ अशा वाक्यांवर घालवू नका. प्रश्न एका वाक्यात, जागा आणि काळ एका वाक्यात, पद्धत एक-दोन वाक्यांत आणि उरलेली सगळी जागा निष्कर्षांना. निष्कर्ष आकड्यांत हवेत. ‘फळबागांखालील क्षेत्रात लक्षणीय वाढ झाली’ यातून कुणालाच काही कळत नाही. किती हेक्टरांवरून किती हेक्टरांवर, किती वर्षांत आणि कोणत्या गावांत, ते लिहा.

अभ्यासक्षेत्राचं वर्णन एका पानाच्या आत बसवा. प्रश्नाशी संबंध असेल तेवढंच घ्या. पिकांच्या निबंधात मृदा, पाऊस, सिंचन हवं, तिथल्या यात्रा आणि बाजाराचा वार नको. बाजार हाच निबंधाचा विषय असेल तर उलट.

इंग्रजीत लिहिताना मराठी स्थलनामांचं लेखन हा छोटा वाटणारा पण नडणारा भाग आहे. ‘वडगाव’ हे एकाच निबंधात तीन प्रकारे लिहिलेलं आढळतं, कारण जनगणना, टोपोशीट आणि लेखकाची सवय तिन्ही वेगळी असतात. एक स्रोत निवडा, बहुतेकांना जनगणनेचा सोयीचा पडतो, आणि तो पहिल्या तळटिपेत सांगा. गावठाण, ओढा, सातबारा, गायरान हे शब्द भाषांतर करून बोथट करू नका. रोमन लिपीत तिरक्या अक्षरांत ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ द्या. गायरान ही निव्वळ ‘चराऊ जमीन’ नाही, तिच्यामागे मालकीचा आणि हक्काचा इतिहास आहे. तो शब्द राखला तर युक्तिवादही मजबूत होतो. मराठी संदर्भ गाळू नका. शीर्षक रोमन लिप्यंतरात, त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ आणि शेवटी ‘मराठीत’ अशी नोंद, ही पद्धत बहुतेक जर्नल्सना चालते. मराठीत झालेलं मोलाचं काम इंग्रजी जर्नल्सपर्यंत पोचण्याचा हा एक मार्ग आहे.

मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आणि सूचीतला प्रत्येक संदर्भ मजकुरात आहे ना, हे झोटेरो किंवा मेंडेली या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने सहज तपासता येतं. मात्र त्यांनी आणलेल्या नोंदी जशाच्या तशा ठेवू नका. लेखकांची आद्याक्षरं, जुन्या भारतीय जर्नल्सचे खंड आणि अंक त्यात हमखास चुकलेले असतात. एआयकडून संदर्भ मागवले असतील तर प्रत्येक मूळ निबंध स्वतः उघडून पाहा. अस्तित्वातच नसलेला निबंध सूचीत आला, तर तिथून पुढे तुमच्या कशावरच विश्वास ठेवला जात नाही. एआयचा वापर कुठे केला, ते सांगण्याची अट आता पुष्कळ जर्नल्समध्ये आहे.

साम्य, लेखक आणि श्रेय

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत आधी छापलेल्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि १४ सलग शब्दांपर्यंतची सर्वसामान्य वाक्यरचना मोजणीतून वगळलेली आहे. जर्नल मात्र टक्क्यांवर थांबत नाही, साम्य कुठे आहे ते बघतं. पद्धतीच्या वर्णनातले विखुरलेले ८ टक्के खपून जातात. निष्कर्षातला एकच उचललेला परिच्छेद नाही. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) गेला असेल तर स्वतःच्याच प्रकरणाशी साम्य दिसेल. तो दोष मानला जात नाही, पण कव्हर लेटरमध्ये आधीच सांगा.

लेखक म्हणून नाव कुणाचं, हे लिहायला सुरुवात करतानाच ठरवा. मार्गदर्शकाने प्रश्नाची आखणी, विश्लेषण किंवा लेखन यांत खरा वाटा उचलला असेल तर नाव हवंच. फक्त पद आहे म्हणून नाव घालणं चूक आहे. अनेक जर्नल्स आता १४ प्रकारच्या योगदानांच्या यादीतून कुणी काय केलं ते विचारतात. सर्वेक्षणाला मदत करणारे विद्यार्थी, नकाशे काढून देणारे तंत्रज्ञ यांचे आभार नावानिशी माना. नकाशाच विश्लेषण असेल तर तो काढणारा लेखक आहे.

सबमिट करताना

समीक्षा बहुधा दोन्ही बाजूंनी निनावी असते, म्हणजे लेखक आणि समीक्षक दोघांनाही एकमेकांची नावं कळत नाहीत. लेखकांची नावं, पत्ते, ओआरसीआयडी (संशोधकाचा ओळखक्रमांक), आभार आणि निधीचा स्रोत हे सगळं वेगळ्या शीर्षकपानाच्या फायलीत ठेवा. मूळ फायलीत ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असं लिहू नका, स्वतःलाही तृतीयपुरुषात उद्धृत करा. वर्डच्या फाइल मेनूतल्या ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ने लपलेली नावं आणि जुने शेरे काढा. नकाशाच्या कोपऱ्यात महाविद्यालयाचं नाव किंवा बोधचिन्ह राहतं, फायलीच्या नावात आडनाव राहतं. हे दोन हमखास विसरतात.

ओळींना क्रमांक द्या, दुप्पट ओळअंतर ठेवा, आकृत्या वेगळ्या अपलोड करा आणि मजकुरात त्यांची जागा दाखवा. स्कॉलरवन किंवा एडिटोरियल मॅनेजर या निबंध सादर करायच्या ऑनलाइन प्रणालींत सगळ्या फायलींची मिळून एक पीडीएफ तयार होते. मंजुरीचं बटण दाबण्यापूर्वी ती पूर्ण उघडून पाहा. देवनागरी अक्षरं चौकोन झालेली, अंशाची खूण गायब झालेली, नकाशा आडवा फिरलेला, हे सगळं तिथे दिसतं.

कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे. काय शोधलं, ते या जर्नलच्या वाचकाला का हवं, निबंध दुसरीकडे पाठवलेला नाही आणि काही भाग प्रबंधातून घेतला आहे का, एवढंच. ‘आदरणीय संपादक महोदय, आपल्या जगप्रसिद्ध जर्नलमध्ये’ अशी स्तुती लागत नाही. समीक्षकांची नावं सुचवायला सांगितली तर त्या विषयावर काम करणारी, पण तुमच्या संस्थेबाहेरची आणि तुमच्यासोबत न लिहिलेली माणसं सुचवा. त्यांचा विद्यापीठाचा ई-मेल द्या.

एकाच वेळी दोन जर्नल्सना निबंध पाठवणं मान्य नाही. तीन-चार महिने काहीच कळलं नाही तर निबंधाचा क्रमांक देऊन दोन ओळींत चौकशी करा. दुसरीकडे पाठवायचाच असेल तर आधी लेखी मागे घ्या आणि तशी पोच हातात येऊ द्या.

शेरे आल्यावर

‘मोठ्या दुरुस्त्या’ असा निर्णय आला तर ती चांगली बातमी आहे, दार उघडं आहे. दोन दिवस शेरे बाजूला ठेवा, मग प्रत्येकाला क्रमांक देऊन तक्ता करा: समीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं, तुमचं उत्तर आणि बदल कोणत्या ओळीत केला ते. ‘दुरुस्ती केली’ एवढंच लिहिलं तर समीक्षकाला स्वतः शोधावं लागतं. ‘ओळ २१२ ते २१८: दोन्ही प्रतिमांच्या तारखा आणि त्या वर्षांचा तालुक्याचा पाऊस जोडला, पाहा तक्ता २’ असं लिहिलं तर तो एका नजरेत पुढे जातो.

न पटलेल्या शेऱ्याला नकार देता येतो, मात्र कारण आणि पुरावा द्यावा लागतो. समीक्षकाने गावपातळीवरचं विश्लेषण मागितलं आणि आकडेवारी तालुक्याचीच प्रसिद्ध असेल, तर तसं सांगा आणि ती मर्यादा चर्चेच्या भागात नोंदवा. समीक्षकाला गैरसमज झाला असेल तरी तुमचं वाक्य तिथे सुधारा. एका जाणकाराचा जिथे गैरसमज झाला, तिथे पुढे इतरांचाही होईल. दोन समीक्षक परस्परविरुद्ध सांगत असतील तर संपादकाला लिहून विचारा, मधला मार्ग स्वतःच्या मनाने काढू नका.

नकार आला तर शेरे तसेच बाजूला टाकून निबंध दुसऱ्या दिवशी नव्या जर्नलकडे पाठवू नका. भारतीय भूगोलाचं वर्तुळ लहान आहे, तोच समीक्षक पुन्हा भेटण्याची शक्यता बरीच असते.

स्वीकृतीनंतर प्रूफ (छपाईपूर्वीची तपासणीची प्रत) येतं आणि उत्तराला बहुधा ४८ तास मिळतात. इथे वाक्यं सजवायची नाहीत. लेखकांची नावं आणि क्रम, तक्त्यातल्या रकान्यांची सरळ रेष, उणे चिन्हं, एककांचे घातांक, संदर्भांचे डीओआय (कायमचे डिजिटल क्रमांक) तपासा. आणि प्रत्येक नकाशा ४०० टक्के मोठा करून मूळ फायलीशेजारी ठेवून पाहा. रंग बदललेत, सूचीतला एखादा वर्ग कापला गेलाय, किंवा मुद्रकाने फाईल पुन्हा दाबल्यामुळे गावांची नावं धुरकट झालीत, असं दिसलं तर मूळ टिफ पुन्हा जोडून ‘आकृती ३ बदलावी’ असं स्पष्ट लिहा. नकाशातली चूक छापून गेली की ती वेगळ्या शुद्धिपत्रानेच दुरुस्त होते आणि ते शुद्धिपत्र निबंधाला कायमचं चिकटतं.